लेकरू सोबत लागतं

रविवार, ११ जानेवारी २०२६. सायंकाळचे सात वाजून दहा मिनिटे.

खोलीच्या उंबऱ्यावर बसून थिनरच्या बोळ्याने नखांतला गुलाबी रंग काढत होतो. सगळा निघाला नाही. या पानाच्या कोपऱ्याला त्याचा ठसा लागला आहे, त्याबद्दल दिलगीर आहे.

आज दुकान उघडायच्या आधी दारासमोर चार गुलाबी चौकोन मारले. शेठ पोपटराव यांच्या सूनबाई स्नेहलवहिनी परदेशात जाऊन आल्या. तिथल्या सुपरमार्केटात लहान मुले घेऊन येणाऱ्यांना दाराजवळ गाडी लावायला वेगळी जागा असते, असे त्यांनी सांगितले. शिरूरमध्ये असे कुणाकडेच नाही, म्हणून शेठना कल्पना पटली. पाटी मी लिहिली, कारण माझे अक्षर चांगले आहे. "ही जागा फक्त लहान मुलांसोबत आलेल्यांसाठी." या जागांवर लक्ष ठेवायचे कामही मलाच दिले आहे. लहान म्हणजे किती वर्षांपर्यंत, असे मी विचारले. शेठ म्हणाले, दिसेल तेवढं लहान.

हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. पण मी तीन महिन्यांच्या चाचणीवर आहे. फेब्रुवारी संपला की कायम करणार म्हणाले आहेत, तोवर जास्त प्रश्न विचारायचे नाहीत असे ठरवले आहे.

माझ्या बायकोचा, ब्लेसीचा, दौंडहून फोन आला. बाळ चार महिन्यांचे झाले. बाळंतपणाला माहेरी गेली ती तिथेच आहे. तिने विचारले, तुमच्या खोलीत ऊन कधी येतं? मी म्हणालो, खिडकी पश्चिमेला आहे, चारनंतर येतं. ती म्हणाली, चारनंतरचं चालेल की. मला वाईट वाटले. खोली तिच्या मनात भरलेली नाही हे कळते.


मंगळवार, १३ जानेवारी.

भोगी. भाज्यांना गर्दी. पहिला वाद झाला.

तात्याबा नावाचे एक वृद्ध गृहस्थ बोलेरोतून आले आणि गुलाबी चौकोनात उतरले. मी नम्रपणे सांगितले की ही जागा लहान मुलांसोबत आलेल्यांची आहे. त्यांनी गाडी चालवणाऱ्या माणसाकडे बोट केले. त्याच्या मिशा पांढऱ्या व्हायला आल्या होत्या.

"हे काय माझं लेकरू. आईबापाला लेकरू कवा मोठं होतं व्हय रे?"

लोक हसले. लेकरूही हसले. गाडी काही हलली नाही.

नंतर शेठनी केबिनमध्ये बोलावून दोन गोष्टी सांगितल्या. गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही. आणि मुलांशिवायची गाडी तिथे दिसता कामा नये. मी बाहेर येऊन हे महबूबभाईंना सांगितले. ते ट्रॉल्या गोळा करायचे काम करतात, वयाने आणि नोकरीने माझ्यापेक्षा बरेच जुने आहेत. ते म्हणाले, "मग सोपं हाय. गाडी लावून बी दे, आन् काढून बी टाक."


रविवार, १८ जानेवारी.

एक गोष्ट लक्षात आली आहे. ज्यांच्याकडे चारचाकी आहे ते मुलांना आजीजवळ घरी ठेवून येतात. ज्यांच्यासोबत मुले असतात ते दुचाकीवर येतात. एक मूल टाकीवर, एक मध्ये, एक आईच्या मांडीवर. दुचाकी मागच्या बाजूला गटाराजवळ लावायच्या असतात, तिथून दारापर्यंत नुसती खडी आहे.

आज केंदूरचे एक जोडपे मोटारसायकलवर आले. गाव मला बाईंनीच सांगितले. त्यांनी हिरवी शाल घेतली होती आणि आत टॉवेलमध्ये गुंडाळलेले बाळ होते. नवऱ्याने मोटारसायकल गुलाबी चौकोनाकडे वळवली. चारही चौकोन रिकामे होते. मी त्यांना मागे पाठवले. शेठना आधीच विचारून ठेवले होते आणि ते म्हणाले होते, जागा चारचाकीची आहे.

बाई खडीवरून बाळाला सांभाळत आल्या. माझ्या जवळून जाताना म्हणाल्या, "रिकामीच ठिवायची व्हती तर रंगवली कशाला?"

याचे उत्तर मी दिवसभर शोधत होतो.


शुक्रवार, २३ जानेवारी.

एक मोटार आली, तिच्यात तीन-चार वर्षांचा मुलगा. मी समाधानाने जागा दाखवली. मुलगा खाली उतरला तेव्हा सहज विचारले, पप्पांसोबत आलास का? तो म्हणाला, "पप्पा रांजणगावला ड्युटीला हाईत. हे शेजारचे काका. मला चॉकलेट देणार हाईत, गाडीत बसल्याबद्दल." काका लालबुंद झाले. मी गाडी काढायला लावणार होतो, पण महबूबभाई मध्ये पडले. लेकरू सोबत हाय ना, म्हणाले, मग बापाची चौकशी तू कोण करणार? पोराला चॉकलेट मिळाले की नाही, एवढे मात्र त्यांनी नंतर आत जाऊन पाहिले.

संध्याकाळी ब्लेसी म्हणाली, पपा विचारत होते, तुमच्याकडून न्यायला कोण येणार?

हा प्रश्न अवघड आहे, म्हणून इथे नीट मांडून ठेवतो. बाळंतिणीला आणायला सासरकडून मोठे माणूस जावे लागते. साडी, बाळाला झबले, पाळणा घेऊन जायचे आणि न्यायची परवानगी मागायची. माझी आई नाही. वडील तर मला आठवतही नाहीत. उरली केंदूरची करुणाआत्या. ती म्हणते कांदा निघाल्यावर बघू, आणि तिचे गुडघे दुखतात. मी एकट्याने जाऊन मागितले तर याला घरदारच नाही असे दिसेल. आणि ब्लेसीचे पपा, योसेफसाहेब, हे रेल्वेतून निवृत्त झालेले शिस्तीचे गृहस्थ आहेत. ते तरी कसे म्हणतील की घेऊन जा? मुलीला खायला घालून कंटाळले असे लोक म्हणतील. त्यामुळे दोन्ही बाजूंनी थांबणेच योग्य आहे.

हे सगळे मी ब्लेसीला समजावून सांगितले. तिने शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाली, "बरं."


सोमवार, २६ जानेवारी.

सवलतीचा दिवस. सकाळपासून हॉर्न.

पांढऱ्या मोटारीतून एक माणूस एकटाच आला आणि गुलाबी चौकोनात लावून उतरला. माझ्याच वयाचा असेल. मी मूल कुठे आहे असे विचारले. म्हणाला, घरी आहे, त्याच्यासाठीच दुधाची पावडर न्यायला आलोय.

"घरी असून चालत नाही, साहेब. लेकरू सोबत लागतं."

"म्हंजी मी बाप न्हाई व्हय? दाखला आणू का?"

"बाप असाल. पण इथं नुसतं बाप असून भागत नाही."

त्याने माझी कॉलर धरली. कुणीतरी मोबाइल काढला. शेठ धावत आले, त्यांनी मला त्याची माफी मागायला लावली आणि मी मागितली. माणूस पावडरचा डबा घेऊन निघून गेला. नंतर शेठ म्हणाले की हे असे चालले तर फेब्रुवारीचा विचार करावा लागेल.

तरीही नियमाप्रमाणे मी बरोबर होतो. ब्लेसीला फोनवर सगळे शब्दशः सांगितले, कॉलर सोडून. मी काय म्हणालो तेही सांगितले, कारण ते वाक्य मला चांगले जमले असे वाटत होते.

ती म्हणाली, "तेच तर."

मी विचारले, तेच काय? तेवढ्यात मागून बाळ रडले आणि फोन बंद झाला. पुन्हा लावला नाही, तिची झोपायची वेळ असते.


बुधवार, २८ जानेवारी.

विशेष काही नाही. दोन चौकोनांचा रंग टायरने खरवडला आहे.


रविवार, १ फेब्रुवारी.

आज घडले ते कुणाला सांगून पटणार नाही.

तीन चौकोन भरलेले, एक शिल्लक. दोन मोटारी समोरासमोर येऊन थांबल्या. दोन्हींत खरोखरच मुले. एक गृहस्थ वरवंडचे, एक कवठे येमाईचे. दोघे खाली उतरले आणि आधी कोण आले यावर जुंपली. मी मुलांची वये विचारली. एक नऊ महिन्यांचे आणि एक दोन वर्षांचे. लहान मुलाला प्राधान्य द्यावे असे मी सुचवले, ते कुणी ऐकले नाही. आवाज चढले. वरवंडकर म्हणाले, आम्हाला काय गाव शिकवता, आमची थोरली बहीण कवठ्यातच दिलीय. कवठेकर थांबले. कुणाच्यात दिलीय? त्यांनी घर सांगितले. ते कवठेकरांच्या चुलत्याचे घर निघाले.

पुढे सगळे उलटे झाले.

"आवं मग पाहुणं की तुम्ही! लावा, लावा गाडी."

"छ्या छ्या. आमच्या बहिणीच्या घरचे तुम्ही. तुमचा मान. तुम्हीच लावा."

"असं कसं? मग आम्हाला गावात तोंड दाखवायला जागा राहील व्हय?"

दोघांनी हात जोडले. दोघांनी एकमेकांना दंडाला धरून गाडीकडे ढकलले. भांडताना जेवढा जोर होता त्याहून जास्त जोर आता लागला होता. मागे रांग लागली. दोघांच्या बायका काचा खाली करून हाका मारत होत्या. आणि एवढ्यात रांगेतून एक छोटी मोटार तिरकी शिरली आणि त्या चौकोनात जाऊन उभी राहिली. आतून एकटाच माणूस उतरला, हातात रिकामी पिशवी. मला म्हणाला, कोणी लावतच नव्हतं, म्हटलं आपण लावू.

दोघे पाहुणे हसत हसत मागे खडीत गेले. महबूबभाई इतके हसले की ट्रॉलीच्या काठावर टेकले. मला मात्र राग आला होता. दोघांचा हक्क होता आणि दोघांपैकी एकालाही जागा मिळाली नाही.

"दोघं बी भली माणसं," महबूबभाई डोळे पुसत म्हणाले, "म्हणून तर गेली जागा."

मग त्यांनी विचारले, तुझी बायको कवा येणार? मी त्यांना करुणाआत्याचे, कांद्याचे आणि योसेफसाहेबांच्या शिस्तीचे सगळे सांगितले. ते ट्रॉल्या आणायला गेले. मी एवढे मनातले सांगूनही त्यांनी उत्तर दिले नाही, हे मला लागले.


गुरुवार, ५ फेब्रुवारी.

योसेफसाहेबांचा स्वतःहून फोन. बाळाचा बाप्तिस्मा रविवारी, १५ तारखेला ठरला. "तुम्हाला जमलं तर या," म्हणाले. जमलं तर असे का म्हणाले असतील?

पंधरा तारखेला महाशिवरात्र आहे. साबुदाणा, भगर, रताळी यांची गर्दी असणार. शेठनी आधीच सांगितले आहे की त्या दिवशी जो सुट्टी घेईल त्याची चाचणी पुन्हा पहिल्यापासून.

नंतर ब्लेसी बोलली. दौंडला त्यांच्या घराजवळच्या बालवाडीत शिक्षिकेची एक जागा निघाली आहे. बाळाला सोबत नेता येते. घेतली तर वर्षभर सोडता येणार नाही. सोमवारपर्यंत, म्हणजे १६ तारखेपर्यंत, हो किंवा नाही कळवायचे आहे.

"काय कळवू?" तिने विचारले.

मी म्हणालो, तुला योग्य वाटेल ते कळव, माझी काही हरकत नाही. तिच्यावर दडपण यायला नको म्हणून मी मुद्दाम तसे म्हणालो. ती म्हणाली, हरकत नाही. एवढेच. माझे शब्द तिने परत उच्चारले की तिलाही हरकत नाही असे तिला म्हणायचे होते, ते समजले नाही.

फोन ठेवल्यावर बोटांवर महिने मोजले. एक वर्ष म्हणजे बाळ चालायला लागेल. मी माझ्या मुलीला आजवर दोनदा पाहिले आहे, दवाखान्यात आणि नाताळात. नाताळात हातात घेतले तेव्हा ती रडली, म्हणून लगेच परत दिली. माझे हात थंड होते.


गुरुवार, १२ फेब्रुवारी.

डबा खाताना महबूबभाईंना बालवाडीचे सांगितले. मी ब्लेसीला काय उत्तर दिले तेही सांगितले. त्यांनी चपाती खाली ठेवली.

"ऑस्टिन, तू कवठ्याचा का वरवंडचा?"

मी म्हणालो, मी मूळचा दौंडचा.

त्यांनी डोक्याला हात लावला.


शनिवार, १४ फेब्रुवारी.

सकाळपासून तीन चौकोन रिकामे होते. उद्याच्या उपवासाची खरेदी, सगळे दुचाकीवर. मी उन्हात पाटीशेजारी उभा होतो आणि समोरचा चौकोन बघत होतो. त्या दिवशी जिथे छोटी मोटार शिरली तोच. महबूबभाई असे का म्हणाले असतील याचा विचार चालला होता. वरवंडकर म्हणत होते तुम्ही लावा. कवठेकर म्हणत होते तुम्ही लावा. जागा मधे पडलेली. बायका काचा खाली करून हाका मारत होत्या.

मग दुसरीच वाक्ये आठवली.

योसेफसाहेब म्हणाले होते, न्यायला कोण येणार. ब्लेसी म्हणाली होती, चारनंतरचं ऊन चालेल की. काय कळवू, असे तिने मला विचारले होते. आणि मी तिला म्हणालो होतो, तुम्ही लावा.

तेवढ्यात केंदूरचे ते जोडपे आले. हिरवी शाल, टॉवेलमधले बाळ आता डोके वर धरून बघत होते. नवऱ्याने न सांगताच मोटारसायकल मागे वळवली. मी धावत जाऊन हँडल धरले आणि त्यांना गुलाबी चौकोनात आणले, बरोबर मध्यभागी. बाई म्हणाल्या, आज नियम बदलला का? मी म्हणालो, नाही, आज वाचला.

शेठनी काचेतून पाहिले होते. बाहेर आले. "चारचाकीच्या जागेत हे काय?"

"शेठ, पाटीवर चारचाकी लिहिलेलं नाही. पाटी मीच लिहिलीय. लेकरू सोबत आहे."

ते पाटी वाचायला लागले. त्यांचे वाचून व्हायच्या आत मी पुढचे बोललो, नाहीतर बोललोच नसतो. म्हणालो, उद्या मी येणार नाही. माझ्या मुलीचा बाप्तिस्मा आहे.

"तुला मुलगी हाय?" शेठ म्हणाले. "एवढे दिवस इथं लोकांची पोरं तपासतोयस आन् बोलला न्हाईस कवा."

चाचणी पुन्हा एक मार्चपासून. सूट दिली नाही. आवाज मात्र चढवला नाही. महबूबभाईंचा पुतण्या नौशाद व्हॅन चालवतो. त्याला उद्या पहाटे दौंडला भाडे सोडायचे आहे आणि दुपारी परत येताना गाडी रिकामी येणार आहे. महबूबभाईंनी त्याला माझ्यासमोरच फोन लावला.

बाजारपेठेत जाऊन साडी घेतली. कोणता रंग घ्यावा ते कळेना. दुकानदाराने विचारले, कुणासाठी? मी म्हणालो, न्यायला जायचंय. त्याने मोरपंखी काढून दिली.


रविवार, १५ फेब्रुवारी. सायंकाळचे साडेसात.

हे खोलीत बसून लिहीत आहे. खोलीत बसायला जागा फार उरलेली नाही.

चर्चमध्ये पाळकसाहेबांनी विचारले, बाळाला कोण धरणार? योसेफसाहेब पुढे झाले, कारण ते सवयीने पुढे होतात. मी म्हणालो, मी धरतो. बाकावर बसून अर्धा तास मी हात मांडीखाली गरम करत होतो. डोक्यावर पाणी पडले तेव्हा ती रडली, पण ते पाण्यामुळे होते, सगळेच रडतात. नाव राहेल ठेवले. माझ्या आईचे नाव. ब्लेसीने ते पाळकसाहेबांना आधीच देऊन ठेवले होते, मला माहीत नव्हते.

जेवायला पाने मांडली. मी बसलो नाही. बोलायचे वाक्य व्हॅनमध्ये पाठ केले होते, ते विसरलो.

"पपा, मी ब्लेसीला आणि बाळाला न्यायला आलोय. माझ्याकडून मोठं कुणी नाही. मीच आहे."

योसेफसाहेबांनी चष्मा काढून पुसला. वाढायला आलेल्या बायका थांबल्या. मला वाटले, संपले.

"तुम्ही मागत नव्हता," ते म्हणाले, "आणि आम्ही कोणत्या तोंडानं म्हणायचं, न्या म्हणून?" मग आतल्या खोलीकडे बघून म्हणाले, "ब्लेसी, ती नाताळची बॅग काढ."

बॅग पलंगाखाली भरलेली होती. नाताळात मी आलो तेव्हाच भरली होती. मी केक खाऊन संध्याकाळच्या एसटीने परत गेलो होतो.

व्हॅनमध्ये मागे पाळणा, गादी, बॅग आणि भोपळ्याएवढे एक गाठोडे, त्यात काय आहे ते अजून समजलेले नाही. वाटेत न्हावऱ्याजवळ मी ब्लेसीला बालवाडीचे विचारले. उद्या ‘नाही’ असे कळवणार, म्हणाली. मला वाईट वाटले आणि तसे बोलून दाखवले. "शिरूरला लेकरं नाहीत का?" ती म्हणाली. "मला दौंडची बालवाडी नको होती. तुम्ही ‘घेऊ नकोस’ म्हणायला हवं होतं."

शिरूरला आल्यावर मच्छरदाणी घ्यायची होती, म्हणून नौशादने गाडी दुकानाकडे घेतली. भगर-साबुदाण्याची गर्दी, हॉर्न. माझ्या जागी महबूबभाई उभे होते. व्हॅन दिसताच त्यांनी गुलाबी चौकोनापुढची ट्रॉली बाजूला केली. ती त्यांनी मुद्दाम आडवी लावून ठेवली होती. मग खिडकीशी येऊन अगदी गंभीरपणे विचारले, "लेकरू सोबत हाय का?"

मी टॉवेल थोडा बाजूला करून दाखवले.

ब्लेसी आणि नौशाद आत गेले. मी गाडीतच बसलो, राहेल मांडीवर. शेजारच्या चौकोनात कुणीतरी एकटाच येऊन गाडी लावून गेला असावा, दार आपटल्याचा आवाज आला. मी वर पाहिले नाही. ती माझे बोट धरून झोपली होती आणि बोट सोडवून घेणे शक्य नव्हते.

कालचा-आजचा हिशोब लिहून ठेवतो.

साडी, मोरपंखी — सातशे पन्नास.
झबली दोन, टोपी — दोनशे ऐंशी.
चर्चमध्ये दान — एकशे एक.
मच्छरदाणी — तीनशे वीस.
बुडालेला रोज — चारशे.
देणे: नौशाद, डिझेलचे पाचशे. घेत नाही म्हणाला, तरी लिहिले आहे.
देणे: महबूबभाई, साडीसाठी उसने सहाशे.
देणे: करुणाआत्या, एक फोन. तिला न विचारता गेलो.
एकूण

ब्लेसी म्हणते आहे, बेरीज उद्या करा, आधी हिला धरा.